दोन मुठी हळद

झिपरूनाना मिस्त्री गाडीच्या आधी ड्रायव्हरला हात लावायचे. ट्रक वाफा सोडत, शिट्ट्या मारत त्यांच्या गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला, तरी नाना बॉनेटकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. ड्रायव्हर खाली उतरला की त्याचं मनगट धरायचे, बाभळीखालच्या बाजेवर नेऊन बसवायचे आणि माठातलं पाणी द्यायचे. ड्रायव्हरचा जीव खालीवर. "अहो नाना, गाडी बघा ना आधी!" नाना म्हणायचे, "ती कोठे पयी जास? बस तू." पयी जास म्हणजे पळून जाते. नाना शिरपूरकडचे, त्यामुळे बोलणं सगळं अहिराणी. मी जळगावचा, माझी बोली वेगळी. पण गॅरेजात कोणाचं कोणावाचून अडत नसे.

पाणी पिऊन झालं की चौकशी सुरू. आणि पहिला प्रश्न ठरलेला. "आधी पानी गयं, का आधी गाडी तपनी?"

मी पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. नवं लायसन्स, चोवीस वर्षांचं वय, मिशीला पीळ. मी म्हटलं, नाना, तापली म्हणून पाणी गेलं आणि पाणी गेलं म्हणून तापली, एकच की! नानांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग बोटाने धुळीत दोन रेघा ओढून त्यांनी मला समजावलं. आधी पाणी गेलं असेल तर ते कुठून तरी गळतंय; नळी बघा, पंप बघा, रेडिएटर बघा. आधी गाडी तापली आणि मग तिने पाणी बाहेर फेकलं, तर गळती शोधण्यात दिवस घालवू नका. वाट कुठेतरी तुंबली आहे, वारा अडला आहे, नाहीतर हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट गेलं आहे. चढावर तापली का सपाटीला? उतारावर निवली का? वारा पाठीमागून होता का समोरून? एवढं सगळं विचारून झाल्यावर ते उठायचे. तोपर्यंत त्यांना निम्मं कळलेलं असायचं.

हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांच्या गाडीत काटा असतो, दिवा लागतो, रेडिएटरमध्ये हिरवं नाहीतर लाल पाणी असतं. हसा बाबांनो. आमच्या वेळी विहिरीचं पाणी आणि नानांचा तळहात, एवढ्यावर खानदेशातल्या निम्म्या गाड्या चालत होत्या. ही साठ सालानंतरची गोष्ट. जळगावात अजिंठा रस्त्याला नानांचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, पुढे पत्र्याची एक शेड, मागे दोन खोल्या. खोल्यांत नाना आणि त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. नाना अंगाने काटकुळे, खाकी अर्धी चड्डी, आणि डोक्यावर पांढरी टोपी. ती मात्र इतकी स्वच्छ, की हा माणूस दिवसभर ऑइलमध्ये लोळतो हे खरं वाटू नये. गाडीखाली शिरताना टोपी खिळ्याला, बाहेर आले की हात धुऊन पुन्हा डोक्यावर.

त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण होता. तरुणपणी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं होतं, त्याची ती खूण. नवा ड्रायव्हर आला की नाना बाही सरकवून हात पुढे करायचे. मग नियम सांगायचे. इंजिनावर तळहात ठेवायचा, दहा मोजायचे. दहापर्यंत हात ठरला तरच झाकणावर ओलं गोणपाट टाकून ते हळूहळू फिरवायचं. पाणी घालायचं ते थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही म्हणजे नाही. "बाप मरी ऱ्हायना तरी थांब," असं ते म्हणायचे. बाप मरायला टेकला तरी. आम्हाला ते तोंडपाठ होतं.

रेडिएटर बघण्याची त्यांची रीत मी नंतर कुठेच पाहिली नाही. गाडी थोडी तापवायची, बंद करायची आणि डोळे मिटून रेडिएटरच्या जाळीवरून वरून खाली, डावीकडून उजवीकडे तळहात फिरवायचा. सगळीकडे ऊब असली तर ठीक. मध्येच एखादा हातभर पट्टा गार लागला, की तिथल्या नळ्या तुंबल्या म्हणून समजायचं, गरम पाणी तिथवर पोचतच नाही. मग ऑइलची पट्टी काढून बघायची. ऑइलचं ताक झालं असेल, म्हणजे पांढरट फेस आला असेल, तर पाणी आत उतरलं. हे सगळं इतकं हळू चालायचं, की घाईतला माणूस वेडा व्हावा.

बारीक गळती असली तर मजाच. नाना गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरायचे आणि स्वतः शेजारी आडवे होऊन थेंब पडायची वाट बघायचे. थेंब पडेपर्यंत करायचं काय, म्हणून तेच वर्तमानपत्र वाचायचे, मोठ्याने. त्यामुळे नानांकडे गाडी लावली की तीन महिन्यांपूर्वीची बातमी ताजी होऊन कळायची. एकदा गाडीखालून आवाज आला, "आरे बाप रे, कापूसना भाव पडना!" बाहेर एक कापसाचा व्यापारी बसला होता, तो बिचारा धोतर सावरत उठला आणि निघालाच बाजाराकडे. त्याला परत बोलवायला मला धावावं लागलं. नाना गाडीखालीच हसत होते, आणि त्या हसण्याच्या नादात थेंब पडला तो नेमका त्यांच्या कपाळावर. "घावना रे!" म्हणाले. सापडला.

यावलच्या एका ड्रायव्हरचा किस्सा तर आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. त्याची केळीची गाडी. सपाटीला तापायची, आणि कितीही पाणी घातलं तरी तापायची. दोन ठिकाणी दाखवून झाली, पंप बदलून झाला. नानांनी त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, घरी कोण कोण असतं? हा प्रश्न गाडीच्या कुठल्या भागात बसतो ते कोणालाच कळेना. तो म्हणाला, बायको, तीन पोरं, सासू. पोरांना केळी आवडतात का? आवडतात. पिकलेली नेतोस का कच्ची? आता तो गडी लाजला. नाना उठले आणि त्यांनी समोरच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत हात घातला. आत केळीच्या फण्या ठासून बसवलेल्या! इंजिनाच्या उबेने घरी पोचेपर्यंत पिकतात म्हणून हा बहाद्दर दर खेपेला तिथे फण्या कोंबत होता, आणि रेडिएटरचा सगळा वारा अडवत होता. नानांनी एकेक फणी बाहेर काढली. चांगली पिकली होती, हे मात्र कबूल करायला हवं. आम्ही सगळ्यांनी ती तिथेच संपवली. सासूसाठी दोन ठेवली.

विहिरींचा त्यांना नाद. कुठल्या गावच्या विहिरीचं पाणी गोडं, कुठलं क्षारट, कुठलं रेडिएटरमध्ये चुन्यासारखं बसतं, ते सगळं त्यांच्या जिभेवर. पहूरला रस्त्याकाठी एक विहीर होती, तिचं पाणी त्यांना फार आवडायचं. अजिंठ्याकडे निघालेल्या ड्रायव्हरला ते बजावून सांगायचे, तू भले दुसरीकडे पी, गाडीला पहूरचं पाज.

आणि राग होता तो हळदीचा. खानदेशातल्या ट्रकवाल्यांची ही जुनी खोड. रेडिएटरला बारीक भोक पडलं की कथील वितळवून झाळकाम करून घ्यायचं सोडून आत मूठभर हळद टाकायची. हळद पाण्यात फुगते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. थांबते हे खरंच. दोन-चार खेपा गाडी सुखाने जाते. पण उरलेली हळद नळ्यांमध्ये बसत जाते, तिचा लगदा होतो, आणि मग एक दिवस भर चढावर गाडी उकळते. नानांना कोणाच्या रेडिएटरमध्ये पिवळं पाणी दिसलं की त्यांचा आवाज अजिंठा रस्त्याच्या पलीकडे जायचा. "गाडी काय नवरी शे का, तिले हळद लावाले?" भले भले ड्रायव्हर, मिशा पांढऱ्या झालेले, त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे. एकाला तर त्यांनी हळदीची पुडी त्याच्याच खिशातून काढून त्याच्याच डोक्यावर पालथी केली होती. तो पिवळा होऊन घरी गेला.

मी हे सगळं पाहिलेलं, ऐकलेलं. तरीही जे करायला नको होतं ते केलंच.

मी तेव्हा केसरचंद शेटकडे गाडीवर होतो. शेट म्हणजे राजस्थानातून दोन पिढ्यांमागे आलेलं घराणं, रुईच्या गाठींचा व्यापार, सहा ट्रक. सहाही नानांकडेच दुरुस्त व्हायचे. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा कडक. गाडी त्याला पोटच्या पोरासारखी. त्या चैत्रात रुईच्या गाठी भरून मी इंदूरला निघालो. क्लीनर तापाने आजारी, म्हणून मी एकटाच. शिरपूर मागे पडलं, सातपुड्याचा घाट लागला आणि भर दुपारी, निम्म्या चढावर, गाडी उकळली. वाफेने समोरचं दिसेना.

नियम मला पाठ होता. थांबायचं. तास लागो, दोन तास लागो. मी थांबलोही, पण किती? पाव तास असेल. मागून दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवत वर चालल्या होत्या, एकेक ओळखीचा ड्रायव्हर हात बाहेर काढून हसत होता. माझी मिशी मला चावायला लागली. रस्त्याकाठी एक झोपडी होती, तिथल्या बाईकडून मी मातीचा घडा भरून पाणी आणलं. गार पाणी, हाताला झिणझिण्या येतील असं. झाकणावर गोणपाट टाकलं, वाफ जाऊ दिली आणि घडा ओतला. इंजिन बंदच होतं. दहा मोजले नाहीत, पाचसुद्धा मोजले नाहीत.

आतून टक् असा आवाज आला. सुपारी फुटावी तसा, लहानसाच. मी आजही कधी चहाच्या कपात गरम चहा ओतताना दचकतो, एवढंच सांगतो.

त्यानंतर इंजिन लागलं, पण धडधडायला लागलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर. शेटच्याच दुसऱ्या गाडीला तारेचा दोर बांधून माझी गाडी दोन दिवसांनी जळगावात आली.

नानांनी मला बाजेवर बसवलं. पाणी दिलं. सगळे प्रश्न विचारले, त्यांची मी खरी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, "थंड पानी टाकं का?"

मी म्हटलं, "नाही नाना. चांगली गार होऊ दिली, मग टाकलं."

हे बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो. नाना "हं" म्हणाले आणि उठले.

का खोटं बोललो? अहो, जळगावात ड्रायव्हरला एकदा इंजिन फोडणारा असं नाव पडलं, की मग त्याच्या हातात कोणी बैलगाडीही देत नाही. घरी म्हातारी आई, धाकटा भाऊ शाळेत, आणि मला गाडी चालवण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्याहून खरं हे, की नानांसमोर मला मूर्ख ठरायचं नव्हतं.

हेड उघडलं. गॅस्केट गेलेलं आणि हेडला तडा. शेट स्वतः बघायला आले. तड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळले. "सुपडू, गार पाणी ओतलंस ना?" मी नाही म्हटलं. शेट म्हणाले, "हे बघ, मी इंजिनातला माणूस नाही. मिस्त्री सांगेल ते प्रमाण. मिस्त्री म्हणाला ड्रायव्हरची चूक, तर उद्यापासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या कोणी विचारलं, तर मी खरं तेच सांगणार." म्हणजे माझा धंदा जळगावातून उठला. नाना म्हणाले, "शेट, दोन दिन द्या. माले पुरं देखू द्या."

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घरी आईला सांगितलं की गाडी दुरुस्तीला आहे, बस्स. दिवसभर गॅरेजसमोर चहाच्या टपरीवर बसून राहायचो. नाना मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. एकदा तर हाक मारून चहा दिला, शेजारी बसवलं, कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शेट आले. बातमी फुटलेली, त्यामुळे सात-आठ ड्रायव्हरही जमले. नानांनी रेडिएटर खाली उतरवून ठेवला होता. त्यांनी झाळायच्या दिव्याच्या ज्योतीने वरच्या टाकीचं झाळकाम वितळवलं आणि टाकी उचलून बाजूला केली. आतल्या नळ्यांची तोंडं उघडी पडली. निम्म्याहून जास्त तोंडं पिवळ्या लगद्याने बंद.

"हळद!" कोणीतरी मागून म्हणालं. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

शेट लाल झाले. "हे पण करतोस?"

आता खरी गंमत ऐका. हळद मी टाकली नव्हती. आईची शपथ घेतली, देवाची घेतली. कोणी विश्वास ठेवीना, आणि ठेवावा तरी का? मी ज्या तोंडाने गार पाणी नाकारलं होतं, त्याच तोंडाने हळद नाकारत होतो. त्या क्षणी मला स्वतःचाच आवाज खोटा वाटायला लागला. एक म्हातारा ड्रायव्हर, ज्याच्या डोक्यावर नानांनी पुडी पालथी केली होती तोच, म्हणाला, "नाना, याच्याबी डोक्यावर टाका की आता!" सगळे हसले.

नाना हसले नाहीत. त्यांनी हात पुसले, खिळ्यावरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि सरळ उभे राहिले.

"हळद मी टाकी."

कोणाला आधी कळलंच नाही. नानांनी पुन्हा सांगितलं, हळद मी टाकली. फाल्गुनात ही गाडी दारात उभी होती. रेडिएटरला सुईएवढं भोक. झाळकामवाला गावाला गेलेला. शेटचा माणूस तीनदा येऊन गेला, गाठी थांबल्या, आजच गाडी निघायला हवी. सुपडू जेवायला गेला होता. "मी अक्काना डबामाईन दोन मुठी काढी आनि टाकी दिधी." परत आल्यावर उघडून साफ करू, असं मनात होतं. परत आली तेव्हा कामाची गर्दी होती. पुढच्या खेपेला गाडी चांगली चालली. "मंग लाज वाटनी. कोनले सांगू?"

मागच्या दारात अक्का उभी होती. तिने कपाळाला हात लावला. "तरी म्हंते मी, हळद गयी कोठे!"

कोणी हसलं नाही.

शेटनी विचारलं, "म्हणजे ड्रायव्हरची चूक नाही?"

नाना म्हणाले, "शेट, गाडी तपनी ती मन्हा हातनी." गाडी तापली ती माझ्या हाताने. एवढंच. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. दोन पावलांवर उभा होतो. मनात एकच विचार: सुटलो! आणि त्या सुटण्याचा आनंद इतका मोठा होता, की त्याची शरम वाटायला मला संध्याकाळ व्हावी लागली.

शेट काही वाकडं बोलले नाहीत. नमस्कार केला आणि गेले. पण पुढच्या आठवड्यापासून सहाही गाड्या दुसऱ्या गॅरेजला लागल्या. त्यांची बाजू मला कळते. ज्याच्या शब्दावर आपण चालतो त्यानेच लपवलं, तर पुढे विश्वास कसा टाकायचा? ड्रायव्हर मंडळींनी मात्र माणुसकी सोडली. वीस वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या, त्याचं उट्टं काढलं. येता-जाता हाका मारायचे, "नाना, किती चिमूट टाकू?" कोणी दाराला हळकुंडांची माळ बांधून गेलं. नाना ती काढून अक्काला देत. अक्का कुटून डबा भरायची आणि मोठ्याने म्हणायची, बरं झालं, वर्षाची हळद आली. पण गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. दोन वर्षांत अक्का गेली आणि नाना गॅरेज बंद करून धुळ्याला निघून गेले, एवढं ऐकलं. मी मात्र शेटकडेच राहिलो, पुढे मोठी गाडी मिळाली, लग्न झालं. नानांच्या गॅरेजवरून जायला नको म्हणून मी लांबच्या रस्त्याने स्टेशनकडे जायचो. लोक म्हणायचे, सुपडूचा स्वभाव शांत झाला. शांत कसला, तोंड उघडायची भीती वाटायची.

दहा-बारा वर्षं अशी गेली. एकदा उन्हाळ्यात धुळ्याला माल उतरवून मी परत निघालो, तर आग्रा रोडला पांझरेच्या अलीकडे एक छोटी टपरी दिसली. बाहेर रेडिएटर भिंतीला ओळीने टेकवलेले. आत एक म्हातारा बाकावर रेडिएटर उन्हाकडे धरून त्याच्या नळ्यांतून आरपार बघत होता. डोक्यावर पांढरी टोपी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. मी गाडी थांबवली. माझ्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

टपरीत एक तरुण ड्रायव्हर बसला होता. नाना त्याच्याशी बोलत होते आणि हाताने लोखंडी पट्टी एकेका नळीतून वर-खाली चालवत होते. आता ते फक्त रेडिएटरचंच काम करायचे. मी दारात उभा राहून ऐकलं. ते त्याला हळदीची गोष्ट सांगत होते. जळगावात एक गाडी होती, मी तिच्यात दोन मुठी हळद टाकली, इंजिन बसलं. तो पोरगा हसत होता, म्हाताऱ्याची करमणूक म्हणून. नंतर मला शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, की येईल त्या प्रत्येक ड्रायव्हरला ते आधी ही गोष्ट सांगतात, मगच रेडिएटर हातात घेतात. स्वतःचं नाव घेऊन सांगतात. माझं नाव त्यात नसतंच, नुसतं "एक ड्रायव्हर व्हता, चांगला व्हता" असं असतं.

चांगला होता!

पोरगा आपला रेडिएटर खांद्यावर घेऊन गेला. नानांनी चष्म्यातून वर बघितलं. "कोन शे?"

"नाना, मी सुपडू. जळगावचा. केसरचंद शेटचा."

"हां हां. बस. चहा ले." जणू काल भेटलो होतो. खुशाली विचारली, पोरं किती, आई आहे का. मी चहाचा ग्लास हातात धरून उत्तरं देत होतो. शेवटी तो खाली ठेवला.

"नाना, त्या दिवशी मी गार पाणी ओतलं होतं. पाव तासात. घडाभर."

नाना पुढचा रेडिएटर उचलत होते. तो त्यांनी पाण्याच्या टाकीशेजारी नीट उभा केला.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "नुसतं तपीसन हेड वाकस. तडा पडस तो थंड पानीघाई." नुसतं तापून हेड वाकतं, तडा जातो तो गार पाण्याने. तडा बघितला त्याच दिवशी त्यांना कळलं होतं.

"मग शेटसमोर बोलला का नाहीत? तुमचं सगळं गेलं नाना! माझं नाव घेतलं असतं तर निम्मं तरी वाचलं असतं!" मी जवळजवळ ओरडलोच. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला स्वतःचाच संताप येत होता.

नाना शांतपणे नळी जोडत होते. म्हणाले, "मन्हं मी सांगं. तुन्हं तू सांगशी, असं वाटनं." माझं मी सांगितलं, तुझं तू सांगशील, असं वाटलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या दोन दिवसांत मान वर करून ते का बघत होते, शेजारी बसवून गप्प का बसले होते, ते मला बारा वर्षांनी तिथे बाकावर बसून कळलं.

मग ते म्हणाले, "उनास ना आते? बस व्हयनं." आलास ना आता, झालं. आणि रेडिएटरची खालची तोंडं बंद करून त्यांनी वरून बादलीने पाणी ओतायला सुरुवात केली. गळती शोधायची होती, पण भिंगं असली तरी बारीक थेंब त्यांना दिसत नव्हता. बोटं लावून चाचपत होते. मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि जमिनीवर उकिडवा बसलो.

नानांची ती शेवटची भेट. आम्ही दोघं रेडिएटरपुढे डोकं वाकवून बसलो होतो. ते पाणी ओतत होते, आणि कुठे गळतं आहे ते मी त्यांना सांगत होतो.